न पोचलेले चोवीस : एका जागतिक स्काउट मेळाव्याच्या तपशिलांची छाननी



या व्याख्यानमालेत यापूर्वी अनेक विद्वानांनी मोठ्या विषयांची मांडणी केली आहे. माझा आजचा विषय त्या मानाने लहान आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये ग्रीस देशातील मॅरेथॉन येथे स्काउटांचा अकरावा जागतिक मेळावा भरला होता. या मेळाव्याविषयी जे तपशील छापले जातात आणि सांगितले जातात ते कसे पारखून घ्यावेत, एवढाच प्रश्न मी आज हाती घेणार आहे. आपल्या शाळेच्या स्काउट पथकाचा इतिहास लिहून काढावा असा विचार माजी विद्यार्थ्यांत चालू आहे, हे मला कळले, तेव्हाच हा विषय माझ्या मनात नक्की झाला. इतिहास लिहायला बसण्यापूर्वी एखाद्या दूरच्या घटनेवर हात बसवून घेतलेला बरा असतो. दूरच्या घटनेत आपला अभिमान गुंतलेला नसतो, त्यामुळे डोळे स्वच्छ राहतात.

आता कोणी विचारील की, बेळगावात बसून मॅरेथॉनची उठाठेव कशासाठी? त्याचे उत्तर असे की, त्या मेळाव्याकडे जाणारी एक वाट मुंबईच्या समुद्रावरून गेली होती आणि ती तेथेच संपली. फिलिपाइन्सहून मॅरेथॉनला निघालेले २४ जणांचे स्काउट पथक २८ जुलै १९६३ रोजी मढ बेटानजीकच्या समुद्रात विमान कोसळून मृत्युमुखी पडले. मेळाव्याच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख एखाद-दुसऱ्या ओळीत येतो. ती ओळ बरोबर लिहिली जाणे हे आपणही पाळण्याचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

प्रथम मेळाव्यांविषयी थोडे सांगतो. ‘जांबोरी’ हा शब्द आपल्याला परका राहिलेला नाही. वरळीचे जांबोरी मैदान सर्वांना ठाऊक आहे. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर मूठभर मुलांचे शिबिर घेतले, तेथून स्काउट चळवळीची सुरुवात धरतात. या पहिल्याच शिबिरापासून मोजणीचा घोळ सुरू होतो. कोणी मुलांची संख्या २० सांगतो, कोणी २१, कोणी २२. या गोंधळाचे एक कारण साधे आहे. बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्या डोनाल्डही त्या शिबिरात होता. त्याला शिबिरार्थी म्हणावयाचे की काकांबरोबर आलेला घरचा मुलगा, हे ठरविल्याखेरीज आकडा ठरत नाही. म्हणजे आकड्यातील फरकाचे मूळ पुष्कळदा बेरजेत सापडत नाही. कोणाला मोजायचे, या प्रश्नाला दिलेल्या वेगवेगळ्या उत्तरांत ते सापडते. हे सूत्र आपण ध्यानात ठेवू.

पहिला जागतिक मेळावा १९२० साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात भरला आणि त्यास सुमारे ८,००० स्काउट होते. १९२४ साली डेन्मार्कमध्ये दुसरा मेळावा झाला. त्याची उपस्थिती ४,५४९ अशी नोंदलेली आहे. १९२९ चा तिसरा मेळावा इंग्लंडात बर्कनहेडजवळच्या अ‍ॅरो पार्कमध्ये भरला. तेथे मात्र एका ठिकाणी ३०,००० तर दुसऱ्या ठिकाणी ५०,००० असा आकडा वाचावयास मिळतो. देशांची संख्या तर याहूनही अधिक हलते, कारण ब्रिटिश साम्राज्याचे सगळे घटक मिळून एक धरावयाचे की प्रत्येक वसाहत वेगळी मोजावयाची, यावर ती अवलंबून असते. त्या काळी हिंदुस्थान स्वतंत्र देश नव्हता. म्हणून हिंदी मुलगा कोणत्या रकान्यात गेला हे पाहिल्याशिवाय ‘इतक्या देशांचे स्काउट जमले’ या वाक्याला अर्थ येत नाही.

मेळाव्यांच्या अनुक्रमांकातही खाचखळगे आहेत. १९३७ चा पाचवा मेळावा हॉलंडमध्ये झाला आणि सहावा एकदम १९४७ साली फ्रान्समधील मॉइसाँ येथे. मधल्या काळात महायुद्ध होते आणि १९४१ साठी योजलेला मेळावा झालाच नाही. पुढे १९७९ साली इराणात व्हावयाचा मेळावा तेथील क्रांतीमुळे रद्द झाला आणि पंधरावा हा क्रमांक १९८३ च्या कॅनडातील मेळाव्याकडे गेला. ‘दर चार वर्षांनी एक’ असा हिशोब बोटांवर मांडून जो क्रमांक काढील तो फसेल. सरासरीचा नियम माहीत असणे आणि प्रत्यक्ष घडलेले माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मॅरेथॉनकडे वळू. त्याच्या आधीचा, म्हणजे दहावा मेळावा जुलै १९५९ मध्ये फिलिपाइन्समध्ये माकिलिंग पर्वताच्या पायथ्याशी भरला होता. आशिया खंडातील हा पहिला जागतिक मेळावा. त्याची नोंदलेली उपस्थिती आहे १२,२०३. त्याच वर्षी जागतिक स्काउट परिषद आपल्या नवी दिल्लीत भरली होती, म्हणजे त्या वर्षी चळवळीचे लक्ष आशियाकडे लागले होते. चार वर्षांनी, १ ते ११ ऑगस्ट १९६३ या काळात, मॅरेथॉनचा मेळावा झाला. त्याची उपस्थिती सर्वत्र १४,००० अशी दिली जाते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. १२,२०३ हा आकडा कोणीतरी यादीवर बोट ठेवून मोजला आहे. १४,००० हा आकडा गोळाबेरजेचा आहे. शून्यांनी संपणारा आकडा दिसला की अभ्यासकाने थांबावे. तो खोटा असतो असे मुळीच नाही, परंतु तो मोजणीचा नसून अंदाजाचा असण्याचा संभव मोठा. अंदाजाच्या आकड्याचा आणखी एक धर्म आहे. त्यातून कोणी वजा झाले तरी तो ढळत नाही. १४,००० मधून २४ मुले-माणसे गेली काय आणि राहिली काय, छापील आकडा तोच राहतो. मेळाव्याचा इतिहास फक्त या आकड्यावरून लिहिला तर फिलिपाइन्सचे पथक पोचले नाही ही गोष्ट त्यात कोठेही उमटणार नाही.

मेळाव्यातील व्यक्तींबद्दलही एक कसोटी सांगतो. ग्रीसचे मुख्य स्काउट त्या वेळी कॉन्स्टंटाइन होते आणि मेळाव्यात त्यांचे स्थान प्रमुख होते. काही लेखांत ‘राजे कॉन्स्टंटाइन’ असा त्यांचा उल्लेख येऊ शकतो. परंतु १९६३ च्या ऑगस्टमध्ये गादीवर त्यांचे वडील राजे पॉल होते. कॉन्स्टंटाइन मार्च १९६४ मध्ये गादीवर आले. तेव्हा मॅरेथॉनच्या वर्णनात ज्याने त्यांना राजे म्हटले, त्याने ते वर्णन निदान सात-आठ महिन्यांनंतर लिहिले, हे त्या एका शब्दावरून कळते. अशा चुकीचाही उपयोग असतो. ती कागदाचे वय सांगते. आपल्याकडे बखरींचा काळ ठरविताना अभ्यासक हेच करीत आले आहेत : ज्या पदव्या, जी गावांची नावे त्या काळी प्रचारात नव्हती ती बखरीत आली की ती मागाहून रचली असे ते ओळखतात.

आता त्या विमानाकडे येतो. युनायटेड अरब एअरलाइन्स या कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान टोकियोहून निघून हाँगकाँग, बँकॉक, मुंबई या मार्गाने कैरोला चालले होते. उड्डाणाचा क्रमांक ८६९. सांताक्रूझच्या विमानतळाजवळ येत असता, मध्यरात्र उलटून गेल्यावर, दोनच्या सुमारास ते समुद्रात कोसळले. आत ५५ प्रवासी आणि ८ कर्मचारी असे एकूण ६३ जण होते. कोणीही वाचले नाही. प्रवाशांपैकी २४ जण फिलिपाइन्सच्या स्काउट पथकाचे होते. या अपघाताचा निष्कर्ष असा निघाला की, मुसळधार पाऊस आणि हवेतील प्रचंड खळबळ यांत वळण घेताना वैमानिकाचा विमानावरील ताबा सुटला असावा. या वाक्यातील ‘असावा’ हे क्रियापद अभ्यासकाने जपून ठेवले पाहिजे. एका लेखकाकडून दुसऱ्याकडे जाताना ‘असावा’ गळतो आणि ‘सुटला’ एवढेच उरते. तपास करणाऱ्यांनी जेवढी खात्री दिली तेवढीच आपण द्यावी. तीत आपल्या पदरची भर घालू नये.

या एका घटनेच्या तारखेत किती गुंता होऊ शकतो ते आता पाहू. अपघात झाला तेव्हा मुंबईत २८ जुलै, रविवार उजाडावयाचा होता. त्याच क्षणी ग्रीनिचच्या घड्याळात २७ तारखेची, शनिवारची रात्र होती. विमान ज्या कैरोला जावयाचे तेथेही २७ तारीखच चालू होती. फिलिपाइन्समध्ये मात्र २८ ची पहाट झाली होती. विमानवाहतुकीच्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेने ठेवण्याची पद्धत आहे. तेव्हा एखाद्या कागदावर २७ जुलै आणि दुसऱ्यावर २८ जुलै आढळल्यास त्यांपैकी एक चूक आहे असे घाईने म्हणू नये. दोन्ही बरोबर असू शकतात. कागद कोणत्या घड्याळाचा आहे एवढे पाहावे.

यात आपल्या लोकांच्या स्मरणाची आणखी एक गंमत मिसळते. आपल्या पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. मढ, मालवणी किंवा वर्सोवा येथील एखाद्या वृद्धाने ‘शनिवारी रात्री विमान पडले’ असे सांगितले, तर त्याचे म्हणणे वर्तमानपत्रातील रविवारशी तंतोतंत जुळते. ज्याला ही रीत ठाऊक नाही असा अभ्यासक त्या म्हाताऱ्याची साक्ष बाद करील. साक्षीदार चुकला असे म्हणण्यापूर्वी त्याचा दिवस कोठे सुरू होतो हे विचारावे.

याच धाग्याने एक उलटा प्रश्नही विचारता येतो. त्या वर्षी श्रावण नुकता लागला होता आणि नारळी पौर्णिमेला आठवडाभर अवकाश होता. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा होईपर्यंत कोळी बांधव होड्या समुद्रात घालीत नाहीत, हा किनाऱ्यावरचा जुना रिवाज. तेव्हा मासेमारीसाठी खोल समुद्रात गेलेल्या कोळ्यांनी विमान पडताना डोळ्यांनी पाहिले, अशी कथा कोणी सांगितली, तर अभ्यासकाने तीविषयी सावध असावे आणि त्या रात्री होडी पाण्यात कशी होती हे आधी विचारावे. किनाऱ्यावरून आवाज ऐकला, उजेड पाहिला, दुसऱ्या दिवशी काही वाहून आले, असे कोणी म्हणाला, तर ते शक्य कोटीतले असते. तिथी-वार आणि रिवाज यांचे ज्ञान हे पंडिती भूषण नव्हे. साक्ष पारखण्याचे ते हत्यार आहे.

आता सर्वांत मोठा धोका सांगतो. तो म्हणजे एका घटनेच्या जागी दुसरी घटना उभी राहण्याचा. मुंबईच्या आसपासच्या विमान अपघातांची लोकांच्या मनात सरमिसळ झालेली आढळते. ७ जुलै १९६२ रोजी अलितालिया कंपनीचे विमान मुंबईकडे येत असता जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण दगावले. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले; त्यात २१३ जणांचा बळी गेला. या दोहोंच्या मध्ये १९६३ चा अपघात आहे. जुलै महिना, पाऊस आणि रात्र यांमुळे तो जुन्नरच्या अपघाताशी मिसळतो. समुद्रामुळे वांद्र्याच्या अपघाताशी मिसळतो. मी एका स्मरणिकेत ‘१९६२ साली जुन्नरच्या डोंगरात स्काउट मुले गेली’ असे वाक्य वाचले आहे. लिहिणाऱ्याला दोन्ही गोष्टी ऐकून माहीत होत्या. त्यांचा सांधा तेवढा चुकीच्या जागी बसला.

याहूनही फसवा योगायोग थायलंडमधला आहे. १९ जुलै १९६२ रोजी याच कंपनीचे, याच कॉमेट जातीचे, ८६९ हाच क्रमांक असलेले विमान बँकॉकच्या ईशान्येस डोंगरात कोसळले आणि त्यातील २६ जण मरण पावले. कंपनी तीच, क्रमांक तोच, महिना तोच. केवळ एका वर्षाचे अंतर. कोणी ‘उड्डाण ८६९’ एवढ्या खुणेवर विसंबला तर त्याच्या हाती थायलंडचा कागद येईल आणि त्यात स्काउट नाहीत म्हणून तो मूळ गोष्टच नाकारून बसेल. एक खूण जुळली म्हणजे ओळख पटली असे नव्हे. सन, तारीख, स्थळ, एकूण मृतांची संख्या आणि प्रवाशांची नावे, अशा निदान चार-पाच खुणा एकत्र जुळाव्या लागतात.

नावेही बदलतात, हे आपल्या गावातल्या माणसांना वेगळे सांगावयास नको. ज्या विमान कंपनीचा मी उल्लेख केला ती पुढे १९७१ साली इजिप्तएअर झाली. सिरिया १९६१ साली वेगळा झाला, तरी इजिप्तने संयुक्त अरब प्रजासत्ताक हे नाव पुढेही चालविले. म्हणून एकच विमान एका कागदात अरब, दुसऱ्यात इजिप्शियन म्हणून येते. त्या काळच्या इंग्रजी कागदांत मुंबईचे नाव बॉम्बे आहे. फिलिपाइन्सची राजधानी आज मनिला असली तरी १९४८ पासून १९७६ पर्यंत ती अधिकृतपणे केसोन शहरात होती. ‘राजधानीतील स्मारक’ असे शब्द आले तर ते कोणत्या काळी लिहिले गेले हे पाहिल्यावाचून जागा नक्की होत नाही.

त्या केसोन शहरात या २४ जणांची आठवण एका अपूर्व रीतीने राखलेली आहे. तेथील एका वस्तीतील रस्त्यांना त्यांची नावे दिली आहेत. बहुतेक पाट्यांवर आधी ‘स्काउट’ हा शब्द आणि पुढे आडनाव. त्या भागाला लोक स्काउट वस्ती म्हणूनच ओळखतात, आणि तेथील चौकात स्मारकही आहे. रोज हजारो लोक पत्ता सांगताना ती नावे उच्चारतात. मृतांची नावे जनतेच्या तोंडी ठेवण्याची याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

परंतु तपासणाऱ्याने येथेही भाविकतेने पुढे जाऊ नये. पाटीवर ‘स्काउट’ असे वाचून सगळी शाळकरी मुले होती असा समज होतो. वस्तुतः पथकात मुलांबरोबर त्यांचे प्रौढ मार्गदर्शकही होते, आणि चळवळीच्या परिभाषेत तेही स्काउटच. ‘२४ बालके बुडाली’ असे लिहिले तर मोठ्यांचे मरण पुसले जाते. ‘२४ स्काउट’ असे लिहिले तर ते सर्वांना सामावते. उलट दिशेनेही अन्याय होतो. ‘स्काउटांचे विमान पडले’ असे आपण म्हणत गेलो, तर उरलेले ३१ प्रवासी आणि ८ कर्मचारी, मिळून ३९ माणसे, आपल्या वाक्यातून नाहीशी होतात. त्यांना रस्ते मिळाले नाहीत. निदान आपल्या बेरजेत तरी त्यांना जागा असावी. २४ आणि ३९ मिळून ६३, ही साधी बेरीज लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी करून पाहावी.

मित्रहो, ज्या भूमीवर हे पथक जाणार होते त्या भूमीचीच गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. मॅरेथॉन म्हटले की धावणारा दूत आठवतो. इसवी सनापूर्वी ४९० साली अथेन्सच्या लोकांनी इराणी सैन्याचा तेथे पराभव केला, विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावला आणि वार्ता सांगून कोसळला, असे शाळेच्या पुस्तकांत असते. १८९६ च्या ऑलिंपिक स्पर्धांपासूनची शर्यत त्याच गोष्टीवर उभी आहे. पण युद्धानंतर साधारण अर्धशतकाने लिहिणाऱ्या हेरोडोटसने सांगितलेला धावक लढाईपूर्वी अथेन्सहून स्पार्टाकडे मदत मागावयास गेला होता. विजयाची वार्ता आणून प्राण सोडणारा दूत त्याच्या ग्रंथात नाही. तो पाच-सहा शतकांनी प्लुटार्क आणि लुसियन यांच्या लेखनात आढळतो, आणि त्या दोघांचे दूताच्या नावावर एकमत नाही.

याच हेरोडोटसने एक आकडा मात्र दिला आहे आणि तो शून्यांनी संपत नाही. अथेन्सचे १९२ वीर पडले असे तो सांगतो, शत्रूचे ६,४००. शत्रूची प्रेते शेकड्यांच्या हिशोबात आली, आपली माणसे एकेक करून मोजली गेली. त्या १९२ जणांचे दहन करून रणभूमीवर जो मातीचा ढीग रचला तो आजही मॅरेथॉनला उभा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे गेलेल्या पॉसेनियस या प्रवाशाने कुळांच्या क्रमाने मृतांची नावे कोरलेले शिलास्तंभ पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धावणाऱ्या दूताची कथा सुंदर आहे आणि संशयास्पद आहे. नावांची यादी रूक्ष आहे आणि भरवशाची आहे. इतिहासकाराला दोहोंची गरज पडते, परंतु साक्षीला तो यादीच बोलावतो.

आपल्या इतिहासातही हा भेद आहे. पानिपतच्या संहाराची वार्ता सावकारी सांकेतिक भाषेत दक्षिणेत आली, तीत मोठी माणसे मोती आणि मोहरा म्हणून मोजून सांगितली होती. सामान्य शिपाई आणि बाजारबुणगे रुपये-खुर्द्यात जमा होऊन गणतीबाहेर राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापावयास घेतली, ती याच अंधारात एकेक कागदाचा दिवा लावण्यासाठी. माणूस गणतीत येणे हा त्याच्या अस्तित्वाला दिलेला पहिला मान आहे. स्काउट पथक सहलीला नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक असते. निघताना मुले मोजावयाची, नदी ओलांडल्यावर मोजावयाची, परतताना पुन्हा मोजावयाची. एक कमी भरला की सारे थांबते. तो शिक्षक कधी ‘सुमारे तीस’ म्हणत नाही.

आता आपल्या शाळेच्या संकल्पाकडे येतो. येथील पथकाचा इतिहास लिहिताना हीच शिस्त आपल्याला लागेल, आणि आपल्या गावाच्या बाबतीत ती अधिकच लागेल. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. २०१४ साली गावाचे अधिकृत नाव बेळगावी झाले. चळवळीतही अशीच स्थित्यंतरे झाली. स्वातंत्र्यापूर्वी देशात एकाहून अधिक स्काउट संस्था होत्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्या एकत्र येऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था झाली. म्हणजे आपल्या एकाच शाळेच्या मुलांच्या नोंदी दोन-तीन राज्यांच्या आणि दोन-तीन संस्थांच्या दप्तरांत विखुरलेल्या असणार. ‘मुंबई राज्यातर्फे मेळाव्याला गेलो’ असे कोणी ज्येष्ठ सांगत असतील तर ती गोष्ट १९५६ च्या पूर्वीची असली पाहिजे. त्यानंतरची असेल तर एकतर सन हुकला आहे किंवा राज्य हुकले आहे. भाषेचा आणि सीमेचा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे, हे मी जाणतो. म्हणूनच कागदावर जे राज्य लिहिले आहे तेच आपण लिहावे. आपल्या मनातील नकाशा जुन्या कागदावर रंगविला तर उद्या आपल्या खऱ्या विधानांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

कामाची रीत सोपी आहे. घटनेच्या अगदी जवळचा कागद प्रथम शोधावा : हजेरीपट, निवडीचे पत्र, प्रवासखर्चाची पावती, मागे तारीख लिहिलेले छायाचित्र, त्या आठवड्याचे वर्तमानपत्र. त्यानंतर स्मरणिका आणि गौरवग्रंथ पाहावेत. त्यांत वर्षे लोटलेली असतात आणि प्रेमही मिसळलेले असते. सर्वांत शेवटी ज्येष्ठांच्या आठवणी घ्याव्यात, पण शेवटी याचा अर्थ कमी मानाने असा नव्हे. कागद पाहून मग विचारले म्हणजे नेमके प्रश्न विचारता येतात आणि आठवणही अधिक खुलते. दोन स्मरणिकांत एकच वाक्य आढळले तर ते दोन पुरावे होत नाहीत. दुसरीने पहिलीवरून उतरून घेतले असेल तर पुरावा एकच. आणि पथकातील प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव लिहावे. पदके मिळालेली दोन-तीन नावे देऊन बाकीच्यांना ‘इत्यादी’ म्हणू नये. ‘इत्यादी’ हा शब्द पानिपतच्या खुर्द्याचा सख्खा भाऊ आहे.

मॅरेथॉनच्या मेळाव्याचे वर्णन मला दोन-तीन वाक्यांत करावयाचे झाले तर ते मी असे करीन : १ ते ११ ऑगस्ट १९६३ या दिवसांत ग्रीसमधील मॅरेथॉन येथे अकरावा जागतिक स्काउट मेळावा भरला, सुमारे १४,००० स्काउट जमले. फिलिपाइन्सहून निघालेले २४ जणांचे पथक तेथे पोचू शकले नाही. मेळाव्यापूर्वी चार दिवस, २८ जुलै रोजी, मुंबईजवळच्या समुद्रात झालेल्या विमान अपघातात ते इतर ३९ जणांसह मरण पावले. या वाक्यांत अलंकार नाही. मात्र त्यांतील प्रत्येक आकड्यामागे काय आहे हे आता आपणांस ठाऊक आहे. आपल्या शाळेच्या इतिहासात अशी वाक्ये पानोपानी असावीत, आणि ती लिहिण्याचे कष्ट या सभागृहातील तरुण माजी विद्यार्थ्यांनी घ्यावेत, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.